टोपड्याचा ठसा

महाडच्या शाळेत मी चित्रकला शिकवते. घरी मागच्या खोलीत छपाईचा एक लहानसा प्रेस आहे, इथल्याच एका वर्कशॉपमधून बनवून घेतलेला. दोन लोखंडी रोलर आणि बाजूला फिरवायचं चाक, बस. पुठ्ठ्यावर पानं, चिंध्या, दोरे चिकटवायचे, वरून लाखेचा हात द्यायचा. वाळलं की शाई चोळायची आणि पुसायची. मग ओलसर कागद ठेवून चाक फिरवायचं. पुसूनही शिरांमध्ये अडकून राहिलेली शाई कागदावर उतरते. एवढं एक मला जमतं. बाकी काही जमलं नाही, असं सासरच्यांचं मत आहे.

सासर कुडपणला, वर डोंगरात. नवरा महाडच्या कोर्टात कारकून, म्हणून आम्ही दोघं खाली राहतो. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी दिवस राहिले आणि सातव्या महिन्यात पोटातली हालचाल थांबली. मुलगी होती, हे मला नर्सकडून कळलं. मी ग्लानीत असतानाच नवरा आणि त्याचे काका तिला घेऊन गेले होते.

"कुठे ठेवलंत तिला?" मी घरी आल्यावर विचारलं.

"ते विचारायचं नसतं," नवरा म्हणाला.

नंतरही विचारलं. दर वेळी तो चप्पल घालून बाहेर पडायचा. घरात ती झालीच नव्हती असं जणू ठरून गेलं. दूध आटवायला मला गोळ्या दिल्या होत्या; ती होती याची तेवढीच काय ती खूण. आणि एक टोपडं. सासूबाईंनी आपल्या जुन्या लुगड्याचं शिवून आधीच आणून दिलेलं. ते कपाटात राहिलं. पुन्हा काही दिवस राहिले नाहीत, त्यामुळे ते कोणी मागितलंही नाही.

गेल्या श्रावणात कुडपणला गेले होते. घरामागच्या उतारावर भारंगीची रानभाजी माजली होती. मी पानं खुडत होते तर सासूबाई ओट्यावरून ओरडल्या, "कवळी घे गो, ही जून हायत. शिजायची नायत."

मला जूनच हवी होती. त्यांच्या शिरा उठून येतात. पण ते सांगत बसले नाही.

महाडला आल्यावर पानं पुस्तकांखाली दाबून वाळवली. पुठ्ठ्याच्या मधोमध टोपडं चिकटवलं, भोवती भारंगी. लाख लावल्यावर कापड सालीसारखं कडक झालं. आता ते कोणाच्याच डोक्यावर बसणार नव्हतं. पहिला कागद उचलला तेव्हा टोपड्याची वीण, बंदांची गाठ, एकेक टाका काळ्या शाईत स्पष्ट आला होता. मी खाली बसले आणि पोटभर रडले. गोळ्या घेतल्या होत्या तेव्हाही अशी रडले नव्हते.

तालुक्यातल्या कलाशिक्षकांचं प्रदर्शन भरलं, त्यात मी ते चित्र लावलं. खाली नाव लिहिलं, 'आमची मुलगी'.

नवरा ऑफिसातल्या लोकांना घेऊन आला. त्यांच्यातल्या एकाने सहज विचारलं, "अरे, तुला मुलगी आहे? कधी बोलला नाहीस." नवऱ्याचं तोंड उतरलं. लोक पुढे सरकल्यावर तो माझ्याजवळ आला.

"घरातलं असं चव्हाट्यावर टांगायचं होतं तुला?"

"घरात टांगायला तुम्ही जागा कुठे ठेवलीत?"

तो लोकांच्या मागे निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सासूबाई डोळे दाखवायला एसटीने महाडला आल्या होत्या. त्या हट्टाने प्रदर्शनाला आल्या. चित्रापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. शेवटी काचेवर बोट टेकवलं.

"ह्यो टाका माजा हाय. टोपडं खराब केलंस ना गो?"

"हो, आई."

आता बोलणी खावी लागणार, असं मला वाटलं. पण त्यांनी पदर तोंडाला लावला. "नदीवर ठेवली व्हती तिला," त्या म्हणाल्या. "करंजाच्या झाडाखाली. पोरानं सांगितलंन मला. तुला सांगू नुको म्हनाला."

म्हणजे त्यांना माहीत होतं. काकांना माहीत होतं, म्हणजे काकूंनाही असणार. माहीत नव्हतं ते फक्त मला.

संध्याकाळी नवरा घरी आल्यावर मी म्हटलं, "मला त्या करंजाखाली जायचंय."

तो शर्टाची बटणं काढत होता. "तिथे आता काही नाही. पुरात काठच गेला."

"तुम्ही बघून आलात?"

"एकदा."

"कशी होती ती? कोणासारखी दिसत होती?"

"फडक्यात गुंडाळलेली होती," तो म्हणाला. "मी उघडून बघितलं नाही."

मग त्याने टीव्ही लावला.

मी सकाळी सावित्री नदीवर गेले. काठ खरंच खचला होता. करंज नव्हता. गाळ, टाकलेले दगड आणि कमरेएवढं गाजरगवत. त्यातलं एखादं पान छापायला न्यावं म्हणून हात पुढे केला, पण ते कोणाच्या अंगावर उगवलंय की नुसत्या गाळावर, हे मला कोण सांगणार होतं? रिकाम्या हाताने परत आले.

प्रदर्शन संपल्यावर चित्र मी बाहेरच्या खोलीत लावलं, दारातून आत येणाऱ्याला समोरच दिसेल असं. नवऱ्याने पाहिलं आणि चप्पल काढून आत गेला. पुढे नणंदेला दिवस गेले आणि डोहाळजेवण आमच्याकडे करायचं ठरलं. तेव्हा मात्र तो म्हणाला, "तेवढा दिवस ते काढून ठेव. अशा वेळी बरं नाही दिसत."

"मी नाही काढणार."

डोहाळजेवण काकांच्या घरी झालं. तो एकटाच गेला. मला कोणी बोलावलं नाही.