एकाच नावाची दोन टेबलं

घरून काम करायची परवानगी मिळाली तसा मी पुण्याची खोली सोडून तेलगावला आईकडे आलो. आमची कंपनी लहान. डेटाबेसचं इंजिन बनवते, म्हणजे लोक आपल्या नोंदी ज्यात टेबलांमध्ये ठेवतात ते सॉफ्टवेअर. या इंजिनात सगळी टेबलं एकाच जागी असायची, त्यामुळे एका नावाचं टेबल एकच ठेवता येई. एका ग्राहकाला दोन विभागांसाठी वेगवेगळं ‘कर्मचारी’ नावाचं टेबल हवं होतं. जमत नव्हतं. प्रत्येक विभागाला त्याची स्कीमा, म्हणजे टेबलांचा वेगळा कप्पा, द्यायची, सगळ्या स्कीमांवर त्यांची यादी ठेवणारा कॅटलॉग ठेवायचा, हे काम माझ्याकडे आलं.

मूळ इंजिन लिहिणारे सर शिरूर कासारचे. आईवडील ऊसतोडीला जायचे, ते वसतिगृहात राहून शिकले. एवढंच त्यांनी एकदा सांगितलं होतं. मीटिंगमध्ये इंग्रजी बोलायचे. दोघंच असलो की गावाकडचं.

“जुनं कामून मोडतो रं?” माझा पहिला आराखडा बघून ते म्हणाले. “स्कीमेचं नाव न लिहिता लोकांनी माहिती मागायच्या क्वेऱ्या लिहिल्यात. त्या चालल्या पायजेत.”

“मग नुसतं ‘कर्मचारी’ म्हटलं तर कुठलं द्यायचं, सर?”

“ते तू ठरव. पण बंद पाडू नको.”

मला राग आला. तरी ऐकलं. नाव एकटंच आलं तर आधी चालू स्कीमेत शोधायचं, तिथे नसेल तर जुन्या जागी, असं मी लिहिलं. सगळ्या चाचण्या पास झाल्या.

त्याच सुमारास सर एका लग्नासाठी जवळच माजलगावला आले आणि दुसऱ्या दिवशी आमच्या घरी. ते लवकरच निवृत्त होणार होते. आईने चहा ठेवला. ते माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, “एकाच नावाची दोन टेबलं कर. दोन्ही वाच. आता एक उडव. परत दुसरं वाच.”

दुसरं टेबल सापडेना. डिस्कवर ते जागेवर होतं, पण टेबलांची आठवण ठेवणारा भाग अजून फक्त नावावर चालत होता. एकाला पुसलं की दुसऱ्यालाही तो विसरे. तो भाग सरांचाच. त्याला मी हात लावला नव्हता, मोडेल म्हणून.

“हे मी लिवलं तवा एवढंच लागत होतं,” सर म्हणाले. मग लॅपटॉप स्वतःकडे ओढून त्यांनी त्या भागाची अख्खी फाइल पुसली. “आता तू नव्यानं लिही. माझ्यावर ठिगळं लावू नको.”

आईने विचारलं, “जेवूनच जाता ना?”

“जेवतो की. भूक लई लागली हाय.”

जेवताना त्यांनी वांग्याची भाजी दोनदा मागून घेतली. कामाचा विषय काढला नाही. मी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. गाडी उशिरा आली. तोवर ते यंदाच्या कापसाबद्दल बोलत होते, आणि मी हं हं करत होतो.

नवा भाग लिहायला मला बराच वेळ लागला. ग्राहकाकडे तो चालू झाला तेव्हा सर निवृत्त झाले होते. मी फोन करून सांगितलं.

“दोन्ही टेबलं दिसतात का?”

“दिसतात.”

“मग झालं,” म्हणाले, आणि आईची तब्येत विचारली.