चढाचे आठ आणे

आर्वीच्या रस्त्याला लागून एक टेकडी आहे. तिथं आम्ही रविवारी हौसेनं मोटारसायकली चढवायला जायचो. पायथ्याशी ग्रामपंचायतीनं एक माणूस बसवला होता. तो वाटेवर दोरी बांधून दर गाडीमागं आठ आणे घ्यायचा आणि त्याच पैशातून आठवडाभर चढावर मुरूम पसरायचा. कुणी कुरकुरलं की म्हणायचा, "मुरूम काय आभायातून पडते, भाऊ?" माणसाच्या तोंडाकडे तो कधी बघायचा नाही. टायर बघायचा. माझं झिजलेलं दिसलं तेव्हा त्यानं मला दोरीपासूनच परत पाठवलं होतं.

एका रविवारी चढाची कड खचली आणि हिंगणघाटचा एक जण गाडीसकट खाली आला. कानातून रक्त, शुद्ध नाही. आम्ही धावत पोचलो तर हा दोरीवाला आधीच तिथं, आणि त्याचा हात त्या बेशुद्ध पोराच्या खिशात. मला शिसारी आली. एकानं त्याचं मनगट पिरगाळलं. मूठ उघडली, तर आत आठ आण्याचं नाणं.

"त्याचंच हाये," तो म्हणाला. "वापस ठेवून राह्यलो. वाटेनं दगा देला, मंग पैसे मी कसे ठेवू?"

ज्यानं मनगट धरलं होतं त्यानं ते सोडलं.

पोराला जीपमधून वर्ध्याला नेलं. तो वाचला.

पुढच्या रविवारी गेलो तर दोरी नव्हती. मुरूम पसरायच्या फावड्यानंच तो वाटेवर आडवा चर खणून ती बंद करत होता. मला पाहून थांबला, धोतराच्या टोकाला बांधलेली पैशांची गाठ सोडली आणि पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे बघितलं.

"तुमचेबी मागच्या रविवारचे आठ आणे वापस घ्या," तो म्हणाला.