कोमट बेल्ट

माझ्या भावाचं, रूडी हकालाचं नाव काढा. आमच्या गावातला कुणीही तुम्हाला आधी एल्डनच्या बारमध्ये नेईल आणि बाटल्यांच्या वरच्या फळीवरचा चषक दाखवेल. "हा रूडीने आणून दिला," असं छाती फुगवून सांगेल. त्या चषकापायी माझा नवरा गेला, हे मात्र एकाच्याही तोंडून निघणार नाही. मग मलाच सांगावं लागतं.

रूडी माझ्याहून पुष्कळ लहान. आई गेली तेव्हा त्याला बुटाचे बंद बांधता येत नव्हते, ते मी शिकवले. बाबा तांब्याच्या खाणीतून दमून यायचे आणि त्याच्याकडे बघून म्हणायचे, "हा कुठल्या कामाचा आहे, देव जाणे." पोराने ते मनाला लावून घेतलं. हॉकीत त्याला कुणी घ्यायचं नाही. शिकारीत तर आनंदच. आयुष्यात त्याने एकच हरण मारलं, तेही शाळेच्या बसखाली. नोव्हेंबरात ज्याच्या दारात हरण टांगलेलं नसतं, त्याला पुरुष म्हणायला आमच्याकडे लोक कां-कू करतात.

शाळेच्या बसगाड्यांच्या गॅरेजमध्ये तो दुरुस्तीच्या कामाला लागला आणि तिथेच मुरला. लग्न केलं नाही. दर शनिवारी आमच्याकडे यायचा, सॉनाच्या वाफेत बसायचा, जेवायचा आणि माझ्या नवऱ्याची, व्हर्ननची, थट्टा ऐकून घ्यायचा.

"काय मेव्हणे, आज कुठल्या बसला सर्दी झाली?"

"सगळ्यांनाच," रूडी म्हणायचा आणि मान खाली घालून हसायचा. दोघांचा एकमेकांवर जीव होता. ते खोटं कशाला सांगू?

आमचं घर टेकडीपलीकडे. रस्त्यावरचा बर्फ ढकलणारी गाडी टेकडीच्या गावाकडच्या पायथ्याशी वळते, त्यापुढे हिवाळाभर स्नोमोबाईलशिवाय, बर्फावर पळणाऱ्या त्या छोट्या गाडीशिवाय, गत्यंतर नाही. आमच्या बाजूला कुणी आजारी पडलं, तर गावच्या अग्निशमन दलाची स्नोमोबाईल यायची, मागे स्ट्रेचरची घसरगाडी जोडलेली. ती माणसाला टेकडीवरून पलीकडे उतरवायची, तिथे ॲम्ब्युलन्स. दल म्हणजे गावातलीच माणसं, पदरमोड करून धावणारी. बारवाला एल्डन त्यांचा कॅप्टन. व्हर्नन त्यांच्यातलाच, आणि स्नोमोबाईलची देखभाल रूडीकडे.

आता ह्या दलांचं एक खूळ ऐका. जानेवारीत, बिळातलं अस्वल कूस बदलतं म्हणतात त्या सणाला, आसपासच्या गावांची दलं गोठलेल्या तळ्यावर शर्यत लावतात. नियम एकच. शर्यतीला वेगळी गाडी आणायची नाही. आजाऱ्याला नेता तीच पळवायची. कॉपर क्रीकवाले वर्षानुवर्षं जिंकायचे आणि जाताना एल्डनच्या बारमध्ये एक बेडपॅन ठेवून जायचे. "तुमच्या गाडीची वाट बघताना पेशंटला लागेल!" म्हणायचे. एल्डनला ते फार झोंबायचं.

त्या वर्षी आमच्या गाडीचा पुढचा क्लच झिजला. रूडी म्हणाला, गाडीच्या कंपनीचा नको, दुसऱ्या एकाचा मिळतो तो बसवू.

"का? कंपनीच्याने काय घोडं मारलंय?" एल्डनने विचारलं.

"काही नाही. पण ह्याच्यातली स्प्रिंग आणि वजनं क्लच न उतरवता बदलता येतात. तासाभराचं काम. हवी तेव्हा ओढणारी गाडी, हवी तेव्हा पळणारी."

"पळणारी?" एल्डन म्हणाला आणि त्याने स्वतःच्या हाताने रूडीच्या पेल्यात बिअर ओतली. फुकट! तेव्हाच मला समजायला हवं होतं की गाव आता माझ्या भावाला हरभऱ्याच्या झाडावर चढवणार.

क्लच बसवला त्या दिवशी मी वेलचीचा पाव आणि कॉफी घेऊन गॅरेजमध्ये गेले होते. रूडीने क्लच ओढून काढायचा पुलर आवळत नेला, जुना क्लच धाडकन सुटला. मग तो इंजिनाचा शाफ्ट पुसत बसला, बाळाचं तोंड पुसावं तसा. मी जवळची चिंधी पुढे केली तर खेकसला, "ती नको! तिला तेल लागलंय. इथे तेलाचं बोट जरी लागलं, तरी क्लच नीट बसणार नाही." बोल्ट आवळला, गाडी फिरवून आणली आणि गरम असतानाच परत आवळला. एवढा काटेकोर माणूस.

"हे एवढं करतोस काय नेमकं?" मी विचारलं.

"हे बघ लेम्पी. ह्या दोन चकत्या, मध्ये बेल्ट. इंजिन फिरलं की आतली वजनं बाहेर फेकली जातात आणि चकत्या बेल्टला चिमटीत धरतात. स्प्रिंग नरम असली तर लवकर धरतात, गाडी सावकाश ओझं ओढते. कडक असली तर इंजिन किंचाळेपर्यंत धरतच नाहीत, आणि मग गाडी एकदम उडी मारते. शर्यतीला ही कडक."

"आणि मागे माणूस असला, हळूहळू चढायचं असलं तर?"

"तर बेल्ट घसरत राहणार, तापणार, जळणार. म्हणून तर शर्यत झाली की सोमवारी परत नरम स्प्रिंग."

पुढे दोन आठवडे तो तळ्यावरच असायचा. चकत्यांवर पेनने रेघा मारायच्या, गाडी पळवायची, बेल्टने रेघा कुठपर्यंत पुसल्या ते बघायचं, वजनं बदलायची, परत पळवायची. प्रत्येक फेरीनंतर झाकण उघडून बेल्टवर तळवा ठेवायचा. "हात टिकला पाहिजे," म्हणायचा. "चटका बसला म्हणजे काहीतरी चुकतंय."

शर्यतीत आमची गाडी सुटली ती कॉपर क्रीकवाल्यांना नुसता बर्फाचा फवारा दिसला. व्हर्ननने रूडीला खांद्यावर घेतलं. अख्खं गाव रूडीच्या नावाने ओरडत होतं आणि तो वर बसून ह्याच्याकडे बघ, त्याच्याकडे बघ. बाबा असायला हवे होते, असं मला वाटलं आणि मी रडले.

संध्याकाळी बारमध्ये कॉपर क्रीकवाल्यांनी आव्हान दिलं: पुढच्या शनिवारी आमच्या तळ्यावर या. गाव पेटलंच. रूडी म्हणाला, "येऊ. पण मधले दिवस मी नरम स्प्रिंग घालतो. शुक्रवारी परत कडक चढवेन."

"अरे, जमलेली घडी कशाला मोडतोस?" एल्डन म्हणाला. "परत तशी जुळली नाही म्हणजे? नको नको!"

सगळ्यांनी एकच गिल्ला केला. रूडीने व्हर्ननकडे पाहिलं. व्हर्ननने ग्लास उचलला आणि म्हणाला, "राहू दे रे. एका आठवड्यात कोण मरतंय?"

हे वाक्य माझ्या नवऱ्याचं आहे. मी शेजारीच बसले होते. गाव सोयीने विसरलं, मी विसरलेली नाही. आणि रूडीने ऐकलं. जन्मात पहिल्यांदा ज्याच्या नावाने टाळ्या पडल्या, तो टाळ्या वाजवणाऱ्यांना नाही म्हणेल? त्याने मान डोलावली.

गुरुवारी दुपारी व्हर्नन छपरावरचा बर्फ ओढायला चढला आणि उतरला तो राखेसारखा चेहरा घेऊन. छातीवर हात. मी रेडिओवरून हाक दिली. रूडी आणि एल्डन वाऱ्यासारखे आले, रिकामी गाडी टेकडीवरून अक्षरशः उडत आली. आम्ही व्हर्ननला घसरगाडीवर बांधलं आणि चढावाला लागलो. एल्डन आणि मी मागून ढकलत होतो.

मांडीएवढा ताजा बर्फ. रूडी हळू चालवायला जाई तर चकत्या बेल्ट धरतच नव्हत्या. इंजिन किंचाळायला लावलं की गाडी हिसका देई, व्हर्नन कण्हे, आणि परत नुसती घरघर. मग जळक्या रबराचा वास आला. धूर. रूडीने झाकण उघडलं, बेल्टच्या चिंध्या ओढून काढल्या, बोटं भाजली, नवा बेल्ट चढवला. अर्ध्या चढावर तोही गेला. तिसरा नव्हता.

"पळ!" रूडी एल्डनवर ओरडला. "मिळेल त्याची गाडी आण!" एल्डन बर्फातून धडपडत टेकडीवर चढायला लागला.

व्हर्ननने डोळे उघडले. "काय मेव्हणे," तो म्हणाला, "सर्दी झाली का हिलाही?"

एल्डन दुसरी गाडी घेऊन आला तोवर व्हर्नन माझा हात धरून गेला होता, त्याच चढावर.

मयताला सगळं गाव आलं. कॉफी प्यायले, माझ्या खांद्यावर थोपटलं. एल्डन म्हणाला, "देवाची इच्छा, लेम्पी. त्या टेकडीवर कुठलीही गाडी अडली असती." कुठलीही! मी त्याच्या तोंडावर कॉफी फेकायची तेवढी बाकी ठेवली. चषक फळीवर होता तो तिथेच राहिला.

मार्चमध्ये एका सकाळी टेकडीवर इंजिनाचा आवाज आला. जातोय, येतोय, परत जातोय. खिडकीतून बघते तर रूडी. घसरगाडीवर वाळूची पोती बांधलेली, माणसाएवढी लांब. मी दार उघडून ओरडले, "बैल गेला आणि झोपा केला! माझ्या डोळ्यांसमोर कशाला नाचवतोस ती?"

त्याने गाडी बंद केली. वाळलेला होता अगदी. "नरम स्प्रिंग घातलीय," म्हणाला. "पण पोती हलत नाहीत. माणूस हलतो." त्याने एक पोतं खाली ढकललं. "लेम्पी, तू आडवी होशील का हिच्यावर?"

थोबाडीत द्यावीशी वाटली. तरी मी कोट चढवला. का, ते सांगते. ती गाडी परत अडायला हवी होती मला. अडली असती तर दोष टेकडीचा झाला असता, बर्फाचा, देवाचा. एल्डन खरा ठरला असता, आणि माझा भाऊ मला परत मिळाला असता.

त्याने मला पट्ट्यांनी बांधलं. गाडी निघाली ती इतक्या हळू की मला कळलंही नाही. आदल्या रात्री तसाच बर्फ पडला होता. जिथे पहिला बेल्ट जळला ती जागा गेली. जिथे व्हर्नन गेला ती जागा गेली. मी कुशीवर वळले, मुद्दाम धडपडले, तरी एक हिसका नाही. टेकडी ओलांडून, पलीकडे उतरून आम्ही रस्त्याला लागलो.

रूडीने मला सोडवलं, झाकण उघडलं. "हात लाव," म्हणाला.

मी बेल्टवर तळवा ठेवला. कोमट होता. हवा तितका वेळ हात ठेवता आला असता.

"तासाभराचं काम होतं, रूडी."

"हो."

मला वाटलं, आता म्हणेल, व्हर्ननच म्हणाला होता ना राहू दे म्हणून. माझं उत्तर केव्हाचं तयार होतं. त्याने ते म्हटलं असतं, तर मी त्याला तिथल्या तिथे फाडून खाल्लं असतं, मग आम्ही दोघं रडलो असतो, आणि कदाचित मी त्याला माफही केलं असतं.

तो ते बोलला नाही. अजूनही बोललेला नाही. त्याने झाकण लावलं आणि तो मला परत न्यायला घसरगाडीचे पट्टे सरळ करायला लागला. मी टेकडी चढून चालत घरी आले.