गोड बोलणं म्हणजे सुई

माझी लेक चार वर्षांची असताना बालवाडीच्या बाईंनी आम्हा नवराबायकोला बोलावून घेतलं. लेकीनं वर्गातल्या सगळ्यात आवडत्या मैत्रिणीला सांगितलं होतं, "जाय तिकडं, तू मले नाई पायजे." मैत्रीण रडली. ती रडली म्हणून माझी लेकही रडली, कारण तिनं हे डब्यातला अर्धा आलूबोंडा पुढं करून म्हटलं होतं.

"घरी कोण बोलतं असं?" बाईंनी विचारलं.

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी पोराटोरांच्या बुटक्या खुर्चीत रुतून बसलो होतो, तरी विद्यार्थ्यासारखा हात वर केला. मला वाटलं, बाई हसतील. नाही हसल्या. निघताना मी उठलो तर खुर्चीही माझ्यासोबत उठली, तेव्हाही नाही.

आता यात आमच्या दर्यापूरच्या घराचाही थोडा हात आहे. तिथं माया सरळ बोलून दाखवायची रीतच नव्हती. मी अमरावतीच्या होस्टेलातून सुट्टीत घरी गेलो की वडील मला पाहून म्हणत, "आलं का ध्यान! तिकडं कोनी जेवाले देत नाई वाटते." हे ते बसस्टँडवर म्हणत, कारण ते माझ्या आधी तिथं येऊन उभे असत, आणि वाक्य संपेपर्यंत माझी बॅग त्यांच्या खांद्यावर गेलेली असे. आई म्हणे, "याच्यासाठी मी काई नाई केलं," आणि तव्यावरची पहिली भाकर माझ्या ताटात टाकी. आमच्याकडे लेकरू बोलणं शिकतं ते असं. शब्द कानानं ऐकायचे, पण अर्थ समोरच्याच्या हातात पाहायचा. हात काय करून राहिले, ते खरं. गोड बोलणारा आमच्या दारात क्वचितच यायचा, आणि आला की तो विमा विकायला नाहीतर मत मागायला.

मी लेकीला त्याच शाळेत घातलं. ऑफिसातून आलो की ती कमरेवर हात ठेवून दारात उभी.

"काहून आला बे?"

"तुले विकाले आलो. गिऱ्हाईक पाहून ठेवलं."

"किती देते थो?"

"काई नाई देत. उलटे आपल्यालेच मागते."

की ती माझ्या मानेवर.

बायकोचं माहेर अकोल्याचं. सासऱ्यांची सारी नोकरी बदल्यांत गेलेली, त्यामुळे त्या घरातलं बोलणं नीट घडी घातल्यासारखं, हळू आणि मऊ. "इकडे ये हं बाळा. एकच घोट हं." लेक तिथं राहायला गेली की ही दुसरी बोली शिके, आणि तिचाही अर्थ ती हातावरूनच लावी. मऊ आवाज आला की मागून कडू औषध येतं. आई "आलेच हं मी" म्हणते आणि दिवेलागणीला उगवते. दवाखान्यात तर आई, आजी, डॉक्टर असे तिघंही एकदम गोड झाले होते, आणि त्यानंतर सुई! तेव्हापासून कोणी मऊ आवाजात बोलायला लागलं की पोरगी दोन्ही हात पाठीमागे लपवायची. मला याचा काय अभिमान! म्हटलं, पोरगी हुशार निघाली, बापावर गेली.

त्याच सुमारास एका दुपारी बायको म्हणाली, "मी जाते आहे."

मी पेपर वाचत होतो. म्हणालो, "जाय. पंखा बंद करून जाजो."

तिनं पंखा बंद केला. पाती थांबेपर्यंत मी गमतीतच होतो. दारातून ती म्हणाली, "तुम्ही खरं कधी बोलता, हे मला कधी कळलंच नाही." तेव्हा कुठं मी पेपर खाली घेतला. लेकीला हातांकडे पाहायला शिकवणारा मी! बायकोच्या एका हातात बॅग होती आणि दुसऱ्या हातात लेकीचा हात.

मग मी रविवारी एसटीनं अकोल्याला जायला लागलो. दार उघडून लेक म्हणे, "काहून आला बे?" आतून सासूबाईंचा आवाज येई, "बाबांना असं म्हणू नये हं." आम्ही दोघं एकमेकांना डोळा मारू. माझा आठवडा त्या एका डोळ्यावर निघायचा.

एका रविवारी तिच्या आईनं मला अंगणात गाठलं. तिला पुण्याला नोकरी लागली होती, लेकीला शाळाही तिथलीच. "तिला तुम्ही सांगा," ती म्हणाली. "आणि कृपा करून नीट सांगा."

मी लेकीला कोपऱ्यावरच्या बागेत नेलं. मला तिला एवढंच पटवायचं होतं, की तू कितीही लांब गेलीस तरी बाप तुझा आहे, तो येत राहील. पण सवय! तोंडातून निघालं, "बरं झालं, तू चालली पुन्याले. माही पिडा टळली."

ती खदाखदा हसली. "तूच पिडा!" म्हणाली आणि माझ्या पाठीवर चढली. म्हणजे सांगायचं ते राहूनच गेलं.

मग मी तिला बाकावर बसवलं आणि समोर उकिडवा बसलो. नीट सांगायचं म्हणजे कसं, याचा नमुना माझ्याकडे एकच होता. आवाज मऊ केला. "बाबाला तुझी खूप आठवण येईल हं. बाबा दर महिन्याला भेटायला येईल हं."

तिचं हसू गेलं. दोन्ही हात पाठीमागे गेले.

"सुई आहे का?" तिनं विचारलं.

"नाई वं. सुई गिई काई नाई."

"मंग असा काहून बोलून राहिला?"

आयुष्यात पहिल्यांदा मी एखादं वाक्य खरं बोललो होतो आणि नेमकं तेच तिला खोटं वाटलं. वाकडं बोलावं तर गंमत, गोड बोलावं तर सुई. तिसरी बोली मला येत नव्हती आणि तिला मी ती शिकवली नव्हती. मी तिला खांद्यावर घेऊन परत नेलं. वाटेत ती माझे केस धरून बसली होती, पण नेहमीपेक्षा घट्ट.

पुण्याला मी दर महिन्याला गेलो नाही. सुट्टी, गाडी, तब्येत, कारणं सगळी खरीच होती. म्हणजे सुई होतीच. पोरीनं बरोबर ओळखलं होतं. मग उरला फोन. सुरुवातीला पडद्यावर ती म्हणे, "काहून फोन केला बे?" मी म्हणे, "तुले विकाले." आणि ती पडद्याच्या खालच्या कडेकडे पाही. तिथं माझे हात असायला हवे होते. एक हात फोन धरण्यात गुंतलेला. दुसरा मी हलवून दाखवला, पण त्यात ना बॅग, ना भाकर. नुसता हलणारा हात. पुढं पुढं ती तिथं पाहीनाशी झाली, आणि तिचं 'बे'ही गळून पडलं. शाळेत सगळे नीट बोलतात, असं तिनं मला नीट सांगितलं.

परवा मी विचारलं, "दिवाळीत येतं का वं इकडं? का तिकडंच मरतं?"

तिनं बाजूला कोणाकडे तरी पाहिलं. मग माझ्याकडे वळून, मान थोडी कलती करून, अगदी मऊ आवाजात म्हणाली, "पाहू हं, बाबा."

माझे दोन्ही हात आपोआप पाठीमागे गेले. फोन सुटून गादीवर पालथा पडला.

"बाबा," आतून आवाज आला, "तुम्ही दिसत नाही आहात."