मिस्त्रींनी बसवलेले ब्रेक

मिस्त्रींच्या हाताखालून गेलेल्या गाडीबद्दल कोणी शंका घेत नसे, आणि घेतलीच तर ते गिऱ्हाईक पुन्हा त्यांच्या दारात उभं राहत नसे. नाकावर माशी बसू न देणारा माणूस. ब्रेकचं काम आयुष्यभर केलेलं, त्यामुळे जगात दुसरं कुठलं काम असतं यावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता.

घरचा ट्रक मुलाचा. मुलगा आजारपणात गेला तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता ट्रक विकणार. सुनेनं तो विकला नाही. ती स्वतःच स्टिअरिंगवर बसली आणि टेकडीवरच्या वखारीतून फळ्या उतरवून सुतारांच्या गल्लीत पोचवू लागली. सकाळी जाताजाता मुलीला शाळेत सोडायची. मिस्त्रींनी आधी तोंड वाकडं केलं, मग तेच लोकांना सांगू लागले की उतारावर गिअर कसा टाकावा ते माझ्या सुनेला विचारा. तिच्या तोंडावर मात्र एकदाही बोलले नाहीत.

ट्रक जुना होता. मागच्या चाकांच्या ड्रमला आतून दाबून गाडी थांबवणारे ब्रेक शू झिजले की चाकाखाली आडवं होऊन, फटीतून स्क्रू ड्रायव्हर घालून आतलं दातेरी चाक फिरवावं लागे. मिस्त्रींचे गुडघे कुरकुरू लागले तसं ते जड जायला लागलं. मग त्यांनी हे काम आपोआप करणाऱ्या तुकड्यांची नवी जोडी आणली, आणि शूवरचे घासणारे लायनरही नवे. गाडी मागे घेताना ब्रेक मारला की ते चाक स्वतःच दातभर फिरतं आणि शू ड्रमच्या जवळ येतात.

एका वेळी एकच चाक उघडायचं, हा मिस्त्रींचा जुना शिरस्ता. दुसरं तसंच ठेवलं की कुठली स्प्रिंग कुठे हे बघायला नमुना राहतो. पण इथे नमुना जुना आणि सामान नवं. डाव्या-उजव्या बाजूचे तुकडे दिसायला जुळे, फक्त आटे एकमेकांच्या उलट. बाजू कुठली ते सांगणारं अक्षर वर कोरलेलं होतं, इतकं बारीक की मिस्त्रींना ते दिसेना. सून तिथेच अंगणात कपडे वाळत घालत होती. "जरा वाच गं," एवढंच म्हणायचं होतं. ते काही त्यांच्या तोंडून निघेना. त्यांनी अंगठ्यानं आटे चाचपले आणि तुकडे बसवून टाकले.

पहिल्या दिवशी पेडल घट्ट होतं, सून खूश. काही दिवसांनी जेवताना ती म्हणाली, "बाबा, पेडल जरा खोल जातंय."

"नवे लायनर आहेत. बसेपर्यंत जाणारच."

हे खोटं नव्हतं. नव्या लायनरचं तसं होतंच, म्हणून तर उत्तर इतकं पटकन सुचलं. पुढच्या आठवड्यात तिनं पुन्हा विषय काढला, तेव्हा मात्र मिस्त्रींनी हातातला घास ताटात ठेवला.

"ब्रेकचं मला कळतं की तुला?"

नंतर तिनं तो विषय काढला नाही, आणि मिस्त्री धरून चालले की आपलंच बरोबर होतं.

एके सकाळी ट्रक निघून गेल्यावर नात दप्तर घेऊन एकटीच दाराबाहेर पडली.

"आज गाडी चुकली वाटतं?"

"नाही आजोबा, मी आता चालतच जाते. ब्रेक नीट होईपर्यंत गाडीत बसायचं नाही म्हणाली आई." मग तिनं जीभ चावली. "तुम्हाला सांगू नको म्हणाली होती. तुम्हाला वाईट वाटतं ना."

मिस्त्रींची पाचावर धारण बसली. सुतारांची गल्ली अरुंद, ट्रक वळवायला दर खेपेला मागेपुढे घ्यावा लागतो. तुकड्यांची अदलाबदल झाली असेल तर मागे घेताना मारलेल्या प्रत्येक ब्रेकला शू जवळ येण्याऐवजी लांब जात असणार. त्यांनी फोन लावला. गाडी चालवताना सून फोन घेत नसे, ती शिस्तही त्यांनीच लावलेली. मग ते जमेल तसे टेकडीच्या पायथ्याकडे निघाले. त्यांना भीती वाटत होती, सुनेच्या जिवाची आणि तितकीच स्वतःच्या नावाचीही.

ट्रक आला. फळ्यांनी भरलेला, सगळ्यात खालच्या गिअरमध्ये घरघरत, माणसाच्या चालीनं. शेजारून गेला तेव्हा मागचा लाल दिवा लागून विझला आणि पुन्हा लागला. ती पेडल दोनदा मारून गाडी चालवत होती. सपाटीवर बरीच पुढे जाऊन ट्रक थांबला.

"दुसऱ्या मेकॅनिककडे का नाही नेलीस?" मिस्त्रींनी धापा टाकत विचारलं.

"लोक तुम्हाला काय म्हणाले असते?"

"अगं, मग मला तरी सांगायचंस."

"सांगितलं होतं, बाबा."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती दमलेली होती.

"चुकलं माझं," मिस्त्री म्हणाले. "अक्षर दिसलं नव्हतं मला."

त्याच दुपारी फळ्या उतरवून दोघांनी चाकं उघडली. तिनं अक्षरं वाचली, त्यांनी तुकडे बदलले. मग तिनं पेडल दाबून बघितलं, ट्रक पुढेमागे घेतला, पुन्हा दाबलं. पेडल चांगलं घट्ट लागत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रींनी स्वतः ट्रकचं दार उघडून धरलं. "चल, बस. झाले ब्रेक नीट. मी बघितलेत."

नात पायरीपाशी थांबली. आजोबांच्या हाताखालून वाकून तिनं आत बघितलं.

"आई," तिनं विचारलं, "बसू का?"