शेवटच्या पानापर्यंत वाढणाऱ्या सत्यभामाताई

आमच्या दूध संघाच्या संगणक विभागप्रमुख सत्यभामाताई यांची आणि माझी पहिली भेट गेवराईच्या कार्यालयात, माझ्या मुलाखतीच्या वेळी झाली. पुण्यात शिकून आल्याचा तोरा माझ्या चेहऱ्यावर असणारच. ताईंनी प्रमाणपत्रांकडे पाहिलंही नाही. काच तडकलेला एक जुनाट फोन पुढे सरकवून म्हणाल्या, "तुमी केलेलं ॲप ह्याच्यात चालवून दाखवा." चाललं नाही. वाटलं, संपलं! तर ताई हसून म्हणाल्या, "च्या घ्या. उद्यापासून या, चालवायला लागू."

संघाचा कारभार एकच, पण तो चालायचा कार्यालयातल्या जुन्या संगणकांवर, जनावरांच्या डॉक्टरांच्या टॅबवर आणि गावोगावच्या नाना तऱ्हेच्या फोनवर. एकाला मानवलेली सुधारणा दुसऱ्याला हमखास बाधायची. म्हणून ताईंनी पंगतीचा नियम घातला होता. नवी आवृत्ती आधी प्रत्येक यंत्रावर पोचवायची, सगळ्यांकडून "आलं" असा निरोप घ्यायचा आणि मगच ती एकदम सुरू करायची. शेवटच्या पानात वाढून होईपर्यंत पहिल्यानं घास घ्यायचा नाही. आम्ही पाठीमागे त्यांना 'वाढपी मॅडम' म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडायचंही.

एका दुष्काळात संघाने चारा छावण्या काढल्या. धडधाकट माणसं ऊसतोडीला गेलेली, जनावरं म्हाताऱ्यांच्या हवाली. छावणीवरून फोनवर चाऱ्याची मागणी यायची आणि त्यावर गाड्या सुटायच्या. या मागणीची नवी आवृत्ती तयार झाली आणि चेअरमनसाहेबांनी उद्घाटनाचा मांडवच घातला. पुढारी आले, हार आले. अन् ऐन वेळी आष्टीकडच्या छावणीवर मागणी नोंदवणाऱ्या गोदाकाकूंचा फोन, "ताई, माझ्या डबड्यावर उघडतच न्हाई ओ!" कार्यालयाने नवं सुरू केलं असतं, तर काकूंच्या फोनवरच्या जुन्या आवृत्तीतली मागणी इथे दिसलीच नसती आणि तिथली जनावरं उपाशी राहिली असती.

ताईंनी उद्घाटन थांबवलं. चेअरमन तापले. "एका फोनसाठी कावून अडवायलाव ताई? एवढी माणसं आलीत! उद्यापासून घरीच बसा तुमी!" मी तर खांबाआड सरकलो. ताईंचा आवाज मात्र चढला नाही.

"बसते की साहेब. पण आधी गोदाकाकूच्या पानात वाढू द्या. मुकी जनावरं हायत, त्यायला काय फोन करता येतोय?"

चेअरमनसाहेबांनी हातातला नारळ तसाच पिशवीत टाकला. पुढे आम्ही त्या डबड्यापायी डोकी शिणवली, आणि एकदाचं गोदाकाकूंचं "आलं ओ!" ऐकू आलं. तेव्हा चेअरमनसाहेब स्वतःच नारळ घेऊन जीपमध्ये बसले. म्हणाले, "चला, आष्टीच्या छावणीवरच फोडू." घरी बसण्याचं पुन्हा कुणी काढलं नाही.

माझी आई दवाखान्यात होती, तेव्हा ताई रोज दोन डबे आणायच्या, एक आईचा आणि एक माझा. मी जेवेपर्यंत समोरून हलायच्या नाहीत. किती जीव लावला या बाईंनी आम्हाला!

आता ताईंची साठी झाली. परवा म्हणाल्या, "आता मी उठते, तुमी बघा." ताई, हे चालायचं नाही. शेजारच्याचं आटपल्याशिवाय पंगतीतून उठायचं नसतं, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत. तुम्हाला ठणठणीत तब्येत आणि उदंड आयुष्य लाभो.

आमचं जेवण अजून चाललंय. बसा.