सायकल बंदिल्ला

म्हैसूरला नोकरीला येऊन तीन महिने झाले आणि मला कन्नड येतं असा माझा समज झाला. "इल्ला" म्हणजे नाही, "गोत्तायतु" म्हणजे समजलं. एवढ्या भांडवलावर मी रिक्षावाल्यांशी हुज्जत घालत असे.

मी चामराजपुरममध्ये एका मराठी काकूंच्या वरच्या खोलीत भाड्याने राहत होते. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, त्यामुळे त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड असायचं. तेव्हा गावात भाड्याच्या सायकलींची योजना होती. चौकाचौकात खांब, कार्ड टेकवलं की सायकल सुटते, काम झालं की कुठल्याही खांबाच्या खाचेत चाक ढकलून कुलूप लावायचं. एक सायकल दिवसभरात जितक्या हातांतून फिरेल तितकी योजना तरेल, असा सगळा मामला. आणि कार्ड मिळायचं ते गावातल्या पत्त्यावर. माझ्याकडे भाड्याचा करारसुद्धा धड नव्हता, म्हणून काकूंनी त्यांचंच कार्ड मला वापरायला दिलं. "कार्ड दुसऱ्यास देऊ नये" हे खांबावर लिहिलेलं मी रोज वाचत होते आणि रोज दुर्लक्ष करत होते.

काकूंना त्या सायकलीची गरज माझ्याहून जास्त. त्यांची थोरली बहीण अंथरुणाला खिळलेली, दोन वस्त्या पलीकडे. काकूंचे गुडघे चालायला नकार देत, सायकलला मात्र त्यांची हरकत नसे. रोज नऊच्या सुमाराला डबा घेऊन त्या जात, तेव्हा बहिणीच्या पोटात दिवसाचा पहिला घास जाई.

एका सकाळी मी बाजारातून भाजी आणली, सायकल कोपऱ्यावरच्या खांबाला लावली आणि घरी आले. काकू आंघोळीला गेल्या होत्या. त्यांचा फोन वाजला, मी घेतला. खांबांवर देखरेख करणारा माणूस बोलत होता. "अम्मा, सैकल बंदिल्ला."

"गोत्तायतु," मी ऐटीत म्हटलं आणि फोन ठेवला. मग डोक्यात प्रकाश पडला. बंद इल्ला. बंद नाही. म्हणजे मी कुलूप लावलंच नव्हतं.

पायात चपला न घालता मी कोपऱ्यावर धावले. एकही सायकल नव्हती. सायकल चोरीला गेली, आता काकूंचं कार्ड रद्द होणार, बहिणीचा डबा बंद. तो देखरेखीचा माणूस कठड्यावर बसून कॉफी पीत होता. हिंदी, इंग्रजी आणि माझं ते कन्नड यांची खिचडी करून मी त्याला सांगितलं की चूक माझी आहे, सायकल मी हरवली, अम्मांचं कार्ड थांबवू नका. त्याने कॉफी खाली ठेवली.

तेवढ्यात डबा घेऊन काकू आल्या. दोघांचं कन्नडमध्ये काहीतरी झालं आणि काकू पोट धरून हसायला लागल्या.

"अग, बंदिल्ला म्हणजे आली नाही कणे! तू आणलेली सैकल कोणी तरी कार्ड लावून नेली. बाकीच्या सैकली ट्रक घेऊन येतो, तो इन्नू आला नाही, अजून यायचाय. मी उगाच चालत येऊ नये म्हणून फोन केला बिचाऱ्यानं."

मला हायसं वाटलं. पण लगेच दुसरी भीती आली. कार्ड मी वापरते हे आता मीच त्याच्यापुढे कबूल केलं होतं.

"त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे," काकू म्हणाल्या. "कोण ही म्हणून विचारलं त्यानं. मी सांगितलं, नम्म मने हुडुगी. आमच्या घरची पोर. घरच्यांना चालतं म्हणाला, मुगीतु, संपलं."

ट्रक आला, सायकली उतरल्या, काकू सायकलला डबा लावून निघूनही गेल्या. मी अनवाणी त्या कठड्यावर बसून राहिले आणि रडले. आईला सोडून येताना रडले नव्हते, ते त्या दिवशी रडले.